नाशिक जिल्ह्यात पहिल्यांदाच वकील लावताना

"शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण आमच्या घरात फार घट्ट होती. माझे वडील, नाना, २०१७ च्या पावसाळ्यात गेले. निफाड तालुक्यातल्या एका गावात आमची पावणेचार एकर जमीन, त्यात दीड एकर द्राक्षबाग. वारस नोंदीत आईचं आणि भावाचं नाव लागलं, आम्हा दोघी बहिणींची नावं लागलीच नाहीत. नोटीस गावच्या पत्त्यावर गेली होती. मी नाशकात इंदिरानगरला, धाकटी बहीण पुण्याला. कळलं तेव्हा दोन वर्षं उलटली होती आणि भावाची एका व्यापाऱ्याशी साठेखताची (पुढे विक्री करण्याच्या कराराची) बोलणी चालू होती. तरी आई म्हणत राहिली, "भावाला कोर्टात खेचायचं नाही," आणि त्यात आणखी काही महिने गेले.

पुढची पाच वर्षं मी तलाठी, प्रांत (उपविभागीय अधिकारी), तालुक्याचं कोर्ट आणि दोन वकील यांच्यात फिरले. मी वकील नाही. पण पहिल्या महिन्यात जे कळायला हवं होतं ते मला तिसऱ्या वर्षी कळलं, आणि तुमच्या बाबतीत तसं होऊ नये असं फार वाटतं. उदाहरणं माझ्या जमिनीची आहेत. तुमचं प्रकरण फ्लॅटचं, भाड्याचं किंवा उसन्या पैशाचं असलं तरी पायऱ्या बऱ्याचशा ह्याच आहेत.

१. भांडण कुठल्या दारातलं आहे ते आधी ठरवा

वकील शोधण्याच्याही आधीचं हे काम आहे. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जमिनीच्या बाबतीत दोन वेगळी दारं असतात. एक महसूल खात्याचं: तलाठी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, जिल्हाधिकारी. दुसरं दिवाणी न्यायालयाचं. महसूल खातं नोंदी ठेवतं, मालकी ठरवत नाही. सातबाऱ्यावरची नोंद कायद्याने खरी धरून चाललं जातं, पण उलट पुरावा येईपर्यंतच. मालकी कोणाची, हिस्सा किती, हे दिवाणी न्यायालय ठरवतं. सर्वोच्च न्यायालयाने हे अनेक निकालांत सांगितलेलं आहे. गावात मात्र "सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे झालं" असंच सगळे म्हणतात, आणि माझे पहिले वकीलही तेच म्हणाले.

त्यांनी फक्त प्रांतांकडे फेरफाराविरुद्ध (सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या नोंदीविरुद्ध) अपील केलं. दीड वर्षाने अपील मंजूर झालं, आमची नावं लागली, आम्ही पेढे वाटले. तोपर्यंत भावाने साठेखत केलेलं होतं. नाव लागल्याने जमिनीचा वेगळा तुकडा आमच्या ताब्यात आला नव्हता आणि व्यवहारही थांबला नव्हता. त्यासाठी वाटपाचा दावा आणि मनाई हुकमाचा अर्ज लागतो, तो दिवाणी न्यायालयात. अपिलाबरोबर तो लगेच केला असता तर दीड वर्ष वाचलं असतं.

सगळे भाऊ-बहीण राजी असतील तर मात्र कोर्टाची गरजच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटप होतं. हा रस्ता शिल्लक असेल तर आधी तोच चालून बघा.

बाकीची दारं थोडक्यात. नवरा-बायकोचे वाद, पोटगी, मुलांचा ताबा यासाठी नाशकात कौटुंबिक न्यायालय आहे. तिथे वकील देणं हा हक्क नसतो, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. खराब माल किंवा सेवेसाठी जिल्हा ग्राहक आयोग, मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर. बिल्डरने ताबा रखडवला तर महारेरा. तिथली तक्रार ऑनलाइन होते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. मारहाण, फसवणूक, धमकी यासाठी पोलीस, पण घटना शहरातली असेल तर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतलं ठाणं आणि बाहेरची असेल तर नाशिक ग्रामीण पोलिसांचं. चुकीच्या हद्दीतल्या ठाण्यात गेलात तरी दखलपात्र गुन्ह्याची तक्रार त्यांनी नोंदवून पुढे पाठवायची असते. नव्या फौजदारी संहितेत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून, हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

२. मुदत संपली नाही ना, ते पाहा

कागद गोळा करत बसण्याआधी कॅलेंडर काढा. नेहमी लागणाऱ्या मुदती अशा:

- फेरफाराच्या नोटिशीवर हरकत: १५ दिवस.
- मंजूर झालेल्या फेरफाराविरुद्ध प्रांतांकडे अपील: ६० दिवस. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा वेगळा अर्ज, कारणासह.
- उसने पैसे परत मिळवण्याचा दावा: ३ वर्षं.
- चेक न वटल्यास: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, समोरच्याला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद. यातली एक पायरी चुकली तर खरी बाजूही अडकते.
- ग्राहक आयोगाकडे तक्रार: २ वर्षं.
- तुमच्यावर दावा झाला आणि समन्स आलं असेल तर कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) ३० दिवसांत, न्यायालयाने वाढवून दिल्यास ९० दिवसांपर्यंत.
- तालुका न्यायालयाच्या निकालाविरुद्ध जिल्हा न्यायालयात अपील: ३० दिवस.

सरकारी खात्याविरुद्ध दिवाणी दावा करायचा असेल तर साधारणपणे आधी २ महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तीही हिशेबात धरा.

समन्स घेऊन बेलिफ दारात आला की काही लोक सही करायला नकार देतात. त्याने दावा थांबत नाही. समन्स चिकटवून बजावलं जातं आणि पुढे प्रकरण एकतर्फा चालू शकतं. समन्स घ्या, त्यावरची तारीख वाचा आणि त्याच आठवड्यात वकिलाला भेटा.

३. कागद स्वतः जमवा

वकिलाकडे रिकाम्या हाताने गेलात तर पहिल्या तीन भेटी "सातबारा आणा, फेरफार आणा" यातच जातात. त्यापेक्षा आधीच एक फाइल तयार करा. माझ्या फाइलमध्ये शेवटी हे होतं:

- चालू सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा एकत्र उतारा). डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो आणि सरकारी कामाला चालतो. नुसता पाहायला मिळणारा मोफत उतारा कोर्टात देण्यासाठी चालत नाही.
- सगळे फेरफार, अगदी आजोबांच्या काळापासूनचे. नाशिक जिल्ह्यातले बरेच जुने अभिलेख "आपले अभिलेख" पोर्टलवर स्कॅन केलेले सापडतात. न सापडल्यास तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा.
- शहरातली मिळकत असेल तर मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड.
- खरेदीखत, साठेखत, हक्कसोड पत्र, मृत्युपत्र, जे असेल ते, आणि त्याचा इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा). अलीकडच्या दस्तांचे इंडेक्स नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर दिसतात. भावाचं साठेखत मला तिथेच सापडलं.
- मृत्यू दाखला, सर्व वारसांची नावं दाखवणारी वंशावळ, आधार, पॅन.
- आलेल्या नोटिसा पाकिटासकट. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का मुदत मोजायला उपयोगी पडतो.
- घटनाक्रमाचं एक पान. तारीख, काय झालं, कोण हजर होतं, कागद कोणता. एवढंच. राग, टोमणे, जुने अपमान त्यात नकोत.

हे घटनाक्रमाचं पान फाइलमधल्या सगळ्या कागदांपेक्षा जास्त कामाला आलं. माझ्या दुसऱ्या वकील मॅडमनी ते दहा मिनिटं वाचलं आणि थेट विचारलं, "साठेखत कळलं त्या दिवशी मनाईचा अर्ज का नाही केलात?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मूळ कागद घरी ठेवा आणि वकिलांना झेरॉक्स द्या. मूळ कागद कोर्टात दाखल करायची वेळ आली तर यादीसह दाखल होतात, त्या यादीची प्रत स्वतःजवळ ठेवा.

४. वकील कुठला बघायचा: नाशिकचा की तालुक्याचा?

स्थावर मिळकतीचा दावा, मिळकत जिथे आहे तिथल्या न्यायालयात चालतो. तुम्ही राहता कुठे याला त्यात महत्त्व नाही. आमची जमीन निफाड तालुक्यात, म्हणून दावा निफाडला. मी राहायला नाशकात, म्हणून सोयीसाठी पहिला वकील सीबीएसजवळ जिल्हा न्यायालयात बसणारा धरला. त्यांना निफाडची तारीख म्हणजे अख्खा दिवस. मग ते कोणा ज्युनिअरला पाठवायचे, तो पुढची तारीख मागून घ्यायचा, आणि मी घरी बसून समजायचे की काम चालू आहे.

माझं आता स्पष्ट मत आहे: ज्या कोर्टात प्रकरण चालणार, त्या कोर्टात रोज उभा राहणारा वकील धरा. मालेगाव, निफाड, सिन्नर, येवला, दिंडोरी, कळवण, सटाणा, मनमाड, सगळीकडे स्थानिक वकील मंडळी आहेत. तालुक्याच्या वकिलाबद्दल एक भीती असते, की तो समोरच्याच्या ओळखीचा निघेल. भीती खोटी नाही. त्यावर उपाय म्हणजे पहिल्याच भेटीत समोरच्याचं नाव सांगून सरळ विचारणं, "तुम्ही यांचं किंवा यांच्या घरातल्या कोणाचं काम कधी पाहिलंय का?"

प्रकरण उच्च न्यायालयात गेलं तर नाशिक जिल्ह्यासाठी मुंबईचं मुख्य पीठ आहे. औरंगाबाद खंडपीठ जवळ वाटलं तरी आपला जिल्हा तिकडे येत नाही. त्या टप्प्याला वेगळा वकील लागेल.

शोधायचं कसं? नातेवाइकांची शिफारस घ्या, पण शिफारस करणाऱ्याचं प्रकरण तुमच्यासारखंच होतं का ते विचारा. जामिनात हुशार असलेला वकील वाटपाच्या दाव्यात तितकाच पारंगत असेल असं नाही. दुसरं, कोर्टात जाऊन बसा. दिवाणी कोर्टाचं कामकाज बहुतेक वेळा खुलं असतं, मागच्या बाकावर कोणीही बसू शकतं. मी दोन दिवस बसले. कोण फाइल वाचून येतं, कोण न्यायाधीशांच्या प्रश्नाला नेमकं उत्तर देतं, कोण दरवेळी नुसती तारीख मागतं, हे कायद्यातलं काही न कळणाऱ्यालाही दिसतं. तिसरं, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. त्यांचे वाटपाचे दावे किती आहेत आणि ते पुढे सरकतायत का, याचा अंदाज येतो.

ज्याच्यापासून दूर राहायचं तेही सांगते. वकिलांना जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. "शंभर टक्के निकाल लावून देतो" असा फलक, व्हिडिओ किंवा एजंट दिसला तर तिथून उठा. कोर्टाच्या आवारात "साहेबांची ओळख आहे" म्हणत जवळ येणाऱ्याला नाव-गावही सांगू नका.

५. पहिली भेट

सनद क्रमांक विचारायला लाजू नका. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची सनद असते, क्रमांकात "महा", आकडा आणि वर्ष असतं. तो तर वकीलपत्रावरही लिहावाच लागतो.

मग हे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं तिथेच वहीत लिहा. माझं प्रकरण कुठल्या न्यायालयात आणि का? आपण नेमकी कुठली मागणी करणार, आणि कुठली करणार नाही? माझ्या बाजूतली सगळ्यात कच्ची गोष्ट कोणती? तारखेला तुम्ही स्वतः उभे राहणार की दुसरं कोणी?

तिसऱ्या प्रश्नावर वकिलाची पारख होते. "काही कच्चं नाही, आपण जिंकणारच" म्हणणाऱ्याने एकतर कागद वाचलेले नाहीत किंवा तुम्हाला दुखवायचं नाही. वकील मॅडमनी मला तोंडावर सांगितलं की नाना हयात असताना भावाने बागेवर स्वतः कर्ज काढून खर्च केलाय, तो मुद्दा समोरून येणार. ऐकताना वाईट वाटलं, पण तयारी तिथूनच सुरू झाली.

आणि वकिलापासून काही लपवू नका. आम्ही बहिणींनी २०१८ मध्ये भावाकडून थोडे पैसे घेतले होते, ते सांगायला मी आठवडाभर टाळाटाळ केली. उलटतपासात पहिल्यांदा निघालं असतं तर फार महागात पडलं असतं.

६. फी आधी बोलून घ्या

फी दोन तऱ्हांनी ठरते: प्रत्येक तारखेला काही रक्कम, किंवा संपूर्ण प्रकरणाची एकच रक्कम टप्प्याटप्प्याने. मी दुसरी पद्धत सुचवेन. काही रक्कम दावा दाखल करताना, काही मनाई अर्जाच्या सुनावणीला, काही साक्षीपुराव्याला, शेवटची युक्तिवादाला. तारखेमागे पैसे असतील तर वर्षभरात तारखा किती पडतील हे तुमच्या हातात नसतं.

फीमध्ये काय धरलेलं नाही तेही विचारा. टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, समन्सचा खर्च, नकलांची फी, कोर्ट कमिशनर नेमला तर त्याची फी, हे सहसा वेगळं असतं. ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर एका निरोपात लिहून पाठवा: "मॅडम, आज ठरल्याप्रमाणे…" एवढं पुरतं. पैसे शक्यतो यूपीआयने द्या म्हणजे नोंद राहते. रोख दिलेत तर पावती मागा.

"जमीन सुटली की त्यातले इतके टक्के द्या" असा करार वकिलाला करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांत त्याला साफ मनाई आहे. आमच्या गावात एकाने हिश्श्यातला तुकडाच वकिलाला लिहून देण्याची तयारी केली होती. असं काही कोणी सुचवलं तर तिथे सही करू नका.

७. वकीलपत्र वाचून सही करा

छापील कागद समोर येतो, बोट ठेवून "इथे सही" म्हणतात, आपण करतो. थांबा, वाचा. छापील वकीलपत्रात बहुतेकदा तडजोड करण्याचा, दावा काढून घेण्याचा आणि तुमच्या वतीने पैसे स्वीकारण्याचा अधिकारही दिलेला असतो. मी दुसऱ्या वेळी हाताने ओळ घातली: "पक्षकाराच्या लेखी संमतीशिवाय तडजोड करू नये अथवा दावा काढून घेऊ नये." वकील मॅडमनी हसून शेजारी सही केली. चांगल्या वकिलाला यात काही गैर वाटत नाही.

कोऱ्या कागदावर, कोऱ्या मुद्रांकावर सही कधीही नाही. "तुम्ही लांब राहता, दोन-चार सह्या करून ठेवा" हे आमच्या पहिल्या वकिलांनी मागितलं होतं आणि मी दिल्या होत्या. त्या परत मिळवताना झालेला मनस्ताप आजही आठवतो.

दाव्याचा मसुदा मराठीत मागा. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, राज्य सरकारची १९९८ ची अधिसूचनाच तशी आहे. काही वकिलांना इंग्रजीची सवय असते. पण ज्या कागदावर तुम्ही "वरील मजकूर खरा आहे" म्हणून शपथेवर सही करणार, तो तुम्हाला स्वतःला वाचता आला पाहिजे.

८. पैसे नसतील तर

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्यांत त्याच्या समित्या आहेत. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, कारखान्यातले कामगार, कोठडीत असलेले, यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा देशभराचा क्रमांक. मी स्वतः स्त्री असूनही हे मला कोणी सांगितलं नाही, पहिली फी मी बहिणीकडून उसनी घेतली.

अजून एक गोष्ट, ही तर मोठीच: महाराष्ट्र सरकारच्या १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, घटस्फोट, हिंसाचार आणि मिळकतीच्या काही वादांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वाटपाच्या दाव्यात ही रक्कम लहान नसते. ही माफी तुमच्या दाव्याला लागू होते का ते वकिलाला विचारा, आणि होत असेल तर दाव्यात तसं नमूद केलंय ना ते बघा. तसंच कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, ही माफी २००४ पासून आहे. बाहेरच्या टेबलांवर तरीही तुम्हाला मुद्रांक घ्यायला लावतील. आधी वकिलाला विचारा, मग पैसे काढा.

९. महाराष्ट्राचे काही कायदे, जे माहीत नसल्याने लोक फसतात

मुलींचा हिस्सा: वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायदा बदलला होता, पण त्यात तेव्हा लग्न झालेल्या मुली नव्हत्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो फरक गेला, आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात असण्याचीही अट नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणी होऊन किंवा हुकूमनाम्याने (कोर्टाच्या अंतिम आदेशाने) झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही. "तुझ्या लग्नात खर्च केला, तोच तुझा हिस्सा" याला कायद्यात जागा नाही. राखी पौर्णिमेला घरी बोलावून हक्कसोड पत्रावर सही घेतात, तेव्हा काय सोडतोय ते वाचा. नोंदणी झालेलं हक्कसोड पत्र मागे घेणं फार अवघड असतं.

शेतजमीन घेताना: महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, कूळ कायद्याचं कलम ६३. नाशिकमध्ये फार्महाऊसच्या नादाने बाहेरून येणारे याच्यात अडकतात. पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या बाजूला तर आणखी जपा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्याआधी शासनाची मान्यता लागते, जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ. "नोटरी करून घेऊ, नंतर बघू" असं सांगणाऱ्याबरोबर पुढे बोलूच नका. गुंठ्यांच्या व्यवहारांना तुकडेबंदी कायदा लागतो. त्यात अलीकडे बदल झाले आहेत, म्हणून सौद्याच्या दिवशीची स्थिती वकिलाकडून लेखी घ्या.

भाड्याचं घर: भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. पाचशेच्या मुद्रांकावर नोटरी केलेला ११ महिन्यांचा करार नाशकात सर्रास चालतो, पण तो या कलमात बसत नाही. मुद्रांक शुल्क मुदतीतल्या एकूण भाड्याच्या आणि अनामत रकमेवरच्या वार्षिक १० टक्के व्याजाच्या बेरजेवर ०.२५ टक्के. नोंदणी फी शहरात १००० रुपये. एवढ्यासाठी नोंदणी टाळू नका.

१०. दावा दाखल झाल्यावर

दावा नोंदला की १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. तो त्याच दिवशी मागून घ्या. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये तो टाकला की पुढची तारीख, टप्पा आणि झालेले हुकूम दिसतात. पहिल्या प्रकरणात माझ्याकडे असं काहीच नव्हतं, वकील सांगतील ती तारीख.

प्रत्येक तारखेला जायची गरज नसते. पण मनाई अर्जाची सुनावणी, तुमचा सरतपास-उलटतपास आणि युक्तिवाद या दिवशी जाच. नाशकाहून निफाडला जायचं तर सकाळी लवकर निघा, अकराला पुकारा झाला आणि आपण नाही असं व्हायला नको. दर दोन-तीन महिन्यांनी रोजनाम्याची (त्या तारखेला काय झालं याच्या कोर्टातल्या नोंदीची) नक्कल काढून वाचा. वकिलाने "आज समोरचा आला नाही" सांगितलं आणि रोजनाम्यात "वादीचे वकील गैरहजर" असेल, तर कळलंच.

गैरहजेरीत दावा निकाली निघाला तर घाबरून जाऊ नका, पण ३० दिवसांत पुनःस्थापनेचा अर्ज करा. समोरचा आधी कोर्टात जाऊन एकतर्फा मनाई आणेल अशी शंका असेल तर कॅव्हेट (आम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका असा अर्ज) दाखल करून ठेवा. ते ९० दिवस चालतं, पुढे पुन्हा करावं लागतं.

११. वकील बदलायची वेळ आली तर

बदलता येतो. तुमचा तो हक्क आहे. रीत अशी की जुन्या वकिलांकडून ना हरकत घ्यायची आणि नवीन वकीलपत्र दाखल करायचं. ना हरकत देत नसतील तर न्यायालयाला अर्ज करता येतो. फी बाकी आहे म्हणून तुमची फाइल अडवून ठेवता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हे स्पष्ट केलंय. बाकी असेल ती फी वेगळी वसूल करावी, कागद द्यावेत.

मी चिडून, फोनवर भांडून वकील बदलला आणि फाइल मिळायला दोन महिने गेले. शांतपणे, लेखी, कागदांची यादी देऊन मागितली असती तर बरं झालं असतं. गंभीर गैरवर्तन असेल तर ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली बार कौन्सिलकडे तक्रार होते. ग्राहक आयोगात मात्र वकिलाविरुद्ध जाता येत नाही, १४ मे २०२४ च्या निकालाने तो रस्ता बंद झाला.

१२. तडजोड आणि त्यानंतर

आमचा दावा साक्षीपुराव्याच्या आधीच लोकअदालतीत मिटला. आई स्वतः येऊन बसली, ते निर्णायक ठरलं. लोकअदालतीचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून तडजोडीचा मसुदा घरी आणून दोन दिवस वाचा. "प्रत्येकी एक चतुर्थांश" एवढं लिहून भागत नाही. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, नकाशा तर हवाच. शिवाय विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या कोणाच्या कधी, मोटारीची वीजजोडणी कोणाच्या नावावर, मागच्या तुकड्यात ट्रॅक्टर जायला वाट किती फुटांची, उभ्या बागेच्या चालू हंगामाचं उत्पन्न कोणाचं, सोसायटीचं कर्ज कोण फेडणार, हे सगळं लिहा. आम्ही वाटेचं लिहायला विसरलो होतो, वकील मॅडमनी शेवटच्या दिवशी आठवण केली.

तडजोड न होता निकाल लागला तर शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा प्रत्यक्ष वाटणीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि भूमी अभिलेख खात्याची मोजणी होते. त्यासाठी दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) करावी लागते, निकालाचा कागद आपोआप शेतात पोचत नाही.

दोन्ही बाबतीत सही-शिक्क्याची नक्कल काढा, लागणारा मुद्रांक भरा आणि तलाठी भाऊसाहेबांकडे फेरफारासाठी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. पंधरा दिवसांची नोटीस जाईल, मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. नवा सातबारा निघाला की नाव, गट, क्षेत्र आणि इतर हक्कांत विहिरीचा उल्लेख तिथेच उभं राहून वाचा. आमच्या उताऱ्यात बहिणीच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते त्याच दिवशी दाखवलं म्हणून दुरुस्तीचा अर्ज लगेच तिथेच देता आला.